मावशीने लिंपलेलं मॉडेल

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. पत्रकाचे नियम सोपे असतात. पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांगायचं, शेवटच्या ओळीत मागणी करायची, आणि मधला मजकूर एस.टी. लागेपर्यंत वाचून संपेल एवढाच ठेवायचा. मुरबाडच्या स्टँडवर मी अशी कितीतरी पत्रकं वाटली आहेत. त्याच पत्रकाची सुरळी करून त्यात शेंगदाणे घेणारे लोकही बघितले आहेत. त्याचं मला काही वाटत नाही. पण सवय लागली ती लागलीच. ज्या गोष्टीत दोषी कोण ते सापडत नाही, ती गोष्ट मला लिहिता येत नाही. ही तशीच आहे. दोनदा लिहायला घेतली आणि दोन्ही वेळा पहिल्याच ओळीत अडकले. तिसऱ्यांदा घेतेय ती दोषी कोण ते ठरवायच्या आधीच.

शहापूरच्या पुढे महामार्गालगत आमचं कॉलेज आहे. तिथे मी इंटिरियर शिकते. घरी वडिलांनी विचारलं होतं, "म्हणजे सोफे कुठं ठेवायचे ते सांगायचं ना? ते तर माणूस आपलं आपण ठेवतो." मी त्यांना तेव्हा बरंच सुनावलं. आता वाटतं, प्रश्न एवढा वाईट नव्हता.

स्टुडिओ या विषयात मी आधी एकदा नापास झाले होते. विषय होता एक खोली. मी अंगणवाडीची खोली केली आणि मॉडेलच्या भिंतींवर आतून बाहेरून घोषणा लिहिल्या. सरांनी चष्मा वर करून त्या सगळ्या वाचल्या. मग म्हणाले, "तू मॉडेलवर लिहितेस. मॉडेलने स्वतः बोलायला हवं." मी म्हटलं, मॉडेलला तोंड नाही म्हणून लिहावं लागतं. वर्ग हसला, सर हसले नाहीत. या वेळी परत नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं तर कॉलेज पुरे, असं घरी आधीच ठरलं होतं.

यंदाचा विषय फळ्यावर एका ओळीत होता. एक खोली, एकच साहित्य, एकच उजेड. आतलं दिसायला हवं, आणि ते उजेडाने दिसायला हवं. वर्गातल्या पोरांनी ठाण्याहून अॅक्रिलिक मागवलं, सनबोर्ड, म्हणजे फोमचा पुठ्ठा, आणला, मशीनवर जाळ्या कापून आणल्या. त्यांच्या खोल्यांमधून उजेड असा पडायचा की वाटावं, कोणी कधी तिथे चहासुद्धा सांडला नसेल. मला राग आला. मला राग लवकर येतो, ते असो. मी ठरवलं, कारवीच्या कुडाचं घर करायचं. माझ्या मावशीचं.

माझी मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. धसईच्या पुढे पाड्यावर राहते. जमीन नाही. दिवाळी झाली की नवरा-बायको दोघं वीटभट्टीवर जायची ती पावसाच्या तोंडावर परत यायची. काका वारले, तरी ती एकटी जात राहिली. गेल्या साली ती भट्टीवर असताना मी पाड्यावर गेले होते. मी भट्टीमजुरांच्या संघटनेत काम करते, तिच्यासाठी बंद घरांचे फोटो काढायचे होते, पत्रकावर छापायला. शेजारणीकडून किल्ली घेतली, मावशीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबले.

कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून केलेली भिंत. तिला शेणमाती लिंपतात. वर्षातून एकदा तरी नवं लिंपण करावं लागतं, नाही तर जुनं सुटून पडतं. मावशीच्या भिंतीवरचं बरंच सुटलं होतं. काठ्यांच्या मधून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर, चुलीवर, उलट्या ठेवलेल्या टोपांवर त्याच्या बारीक बारीक रेघा पडल्या होत्या. मी हलले तर माझ्या अंगावरही पडल्या. मी बराच वेळ तिथे उभी होते. पत्रकासाठी दोन फोटो पुरले असते. मी चाळीसेक काढले.

पत्रकावर त्यातला एक छापला. खाली ओळ होती, 'ही घरं कोणी रिकामी केली?' ती ओळ माझीच.

या साली तोच फोटो समोर ठेवून मी मॉडेल करायला घेतलं. खऱ्या घराच्या दहाव्या हिश्शाएवढं. मांडीवर मावेल असं. कारवीच्या ठिकाणी हिराच्या खराट्याच्या काड्या, एकसारख्या कापून, सुताने बांधून. छपराला जाड पुठ्ठा, तळाला सनबोर्डचा तुकडा, आत इवलीशी चूल आणि उलटे टोप. भिंतीचं वरचं टोक आणि छप्पर यांच्यात मी गोंद भरला, फट नको म्हणून. फट दिसली की सर म्हणतात, हयगय आहे. दिवा लावला तर रेघा हुबेहूब पडल्या. फोटोतल्यासारख्याच. मी मॉडेलचेही फोटो काढून ठेवले.

सरांनी ते खिडकीशी नेलं, फिरवलं, परत फिरवलं. मग सगळ्यांना बोलावलं. "बघा. याला म्हणतात साहित्य आणि उजेड. एक शब्द नाही लिहिलेला." मला म्हणाले, "कुठं सापडला हा उजेड?"

"माझ्या मावशीच्या घरात."

"भाग्यवान आहे तुझी मावशी."

मी 'हो' म्हटलं. मावशीला भाग्यवान म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते. नंतर दिवसभर काहीतरी टोचत राहिलं, काय ते कळेना. राग येतोय असं वाटायचं, पण कोणाचा? सर चांगलं बोलले होते. मी खूश होते. खूश असताना राग कसा यायचा, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

ज्युरी सोमवारी होती. ज्युरी म्हणजे आपलं काम घेऊन उभं राहायचं आणि सर, शिवाय बाहेरून आलेलं कोणीतरी, प्रश्न विचारणार. शनिवारी मी मॉडेल घेऊन पाड्यावर निघाले. खऱ्या घरासमोर ठेवून एक फोटो काढायचा होता. मावशी या वेळी घरीच होती. गुडघा धरल्यामुळे यंदा ती भट्टीवर गेलीच नाही. फोनवर आईला म्हणाली होती, पहिल्यांदा पूर्ण थंडी घरात काढतेय.

मुरबाडहून धसईच्या एस.टी.त मॉडेल मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने आधी कापड उचलून बघितलं, मग मला विचारलं.

"म्हशाच्या जत्रेतनं आणलंस काय गो? देव्हारा हाय?"

"नाय, घर आहे. कॉलेजचं."

मागच्या सीटवरचा म्हातारा वाकून म्हणाला, "घर कसलं, खुराडं हाय ते. तीन कोंबड्या बसतील आरामात."

"दोन," ती बाई म्हणाली. "तिसरी घुसली तर भांडतील."

कंडक्टर म्हणाला, "कोंबड्यांचं तिकीट काढलंस का?" सगळी गाडी हसली. मीही हसले. पण कापड घट्ट ओढून घेतलं.

मावशी ओटीवर पाय पसरून बसली होती. तिचं घर मी बघतच राहिले. नवं लिंपलेलं. कडेपासून कडेपर्यंत, बाहेरून, आतून, एक काडी उघडी नाही. खाली सारवलेलं, दारासमोर पुन्हा सारवलेलं. गुडघा दुखणाऱ्या बाईने एवढं सगळं कसं केलं असेल कोण जाणे. मी मॉडेल तिच्या पुढ्यात ठेवलं आणि कापड काढलं.

तिने आधी दार ओळखलं. मग आडवा वासा ओळखला, जो एका बाजूला जरा खाली आहे. "ह्ये माझं घर?"

"हो."

"खराट्याचं?" ती हसायला लागली. "माझ्या ताईला सांगायला पाहिजे, तुझ्या लेकीनं खराटा मोडून मला घर बांधलं." मग तिने एक बोट भिंतीवरून फिरवलं. काड्या टर्रर वाजल्या. हसणं थांबलं. "अजून लिंपायचं राहिलं ना?"

"नाही, असंच आहे. झालं पूर्ण."

"असं कसं पूर्ण?"

मी तिला समजावलं. पत्रकात समजावते तसं, एकेक मुद्दा. ऊन कसं येतं, रेघा कशा पडतात, सरांना किती आवडलं. मोबाइलचा टॉर्च लावून दाखवलं. तिने आत वाकून बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "धूर कुठनं जायचा?"

"कसला धूर?"

"चुलीचा गो. वरून बंद केलंस सगळं. आतलं माणूस खोकून मरंल." आणि परत वाकली. "तरी यात माणूस नाय म्हणा."

मी म्हटलं, मॉडेल आहे ते, धूर कुठून येणार. तिने बोटाने छपराची कड चाचपली. मग विचारलं, "सोमवारी दाखवायचं ना? ठेव इथं. तू धसईला जाणार होतीस ते जाऊन ये."

मला धसईत खरंच काम होतं. पाड्याच्या नळाबद्दल पत्रक काढायचं होतं, मजकूर घेऊन संघटनेचे दोघं येणार होते. मी गेले. चहा झाला, मजकूर झाला, पहिल्या ओळीत दोषी, शेवटच्या ओळीत मागणी. परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मॉडेल ओटीच्या कडेला उन्हात ठेवलेलं होतं.

लिंपलेलं.

चारी भिंती. बाहेरून आणि दारातून हात घालून आतूनही. शेण, माती आणि बारीक केलेलं भाताचं तूस, जसं खऱ्या भिंतीला लागतं तसं. तळाचा सनबोर्डसुद्धा सारवलेला, दोन बोटांनी अर्धगोल अर्धगोल ओढत. त्या खोलीत तसे चारच अर्धगोल मावले होते. मावशी शेजारी बसून हात धूत होती आणि काम नीट झाल्यावर माणूस जसं दिसतं तशी दिसत होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मी म्हटलं, माझं वर्ष घालवलंस. मी म्हटलं, तुला विचारलं होतं कोणी? शेजारीण घरातून बाहेर आली आणि परत आत गेली.

मावशीने हात पदराला पुसले. "ओरड. ओरडून झालं की बस."

मी बसले नाही.

"लिंपलं नाय ते घर कुणाचं असतं?" ती म्हणाली. "सांग ना, फिरतेस ना तू सगळ्या पाड्यांवर. कुणाचं असतं?"

मला माहीत होतं. थंडीत पाड्यावर जिथे कूड उघडा दिसतो तिथे आम्ही दार वाजवतसुद्धा नाही. आत कोणी नसतं. भट्टीवर गेलेले असतात. मी त्याच खुणेवरून तर फोटोंची घरं निवडली होती.

"यंदा मी हाय," मावशी म्हणाली. "एवढ्या सालांनी थंडीत घरी हाय. लिंपताना चार वेळा बसले, पण लिंपलं. येणारा-जाणारा बघतो, म्हणतो, बाई घरी हाय. आणि तू माझं घर उघडं करून कॉलेजात नेणार? लोक म्हणतील गेली. नाय तर म्हणतील मेली."

"ते लोक तुला ओळखतसुद्धा नाहीत!"

"मग त्यांना कशाला दाखवतेस?"

सभेत असा प्रश्न आला की आम्ही घोषणा देतो. तिथे ओटीवर मी एकटीच होते.

रविवारी सकाळी शहापूरला घरी अंगणात मॉडेल घेऊन बसले. चमच्याच्या मागच्या टोकाने एका भिंतीवरची माती खरवडायला घेतली. वीतभर निघाली. काड्या दिसल्या, आत एक रेघ पडली. पण काड्यांच्या मधे मावशीने माती आत दाबली होती, अंगठ्याने. अंगठ्याची खूण सुकली होती. चमचा त्या खुणेवर आला तेव्हा मी थांबले. मला वाईट वाटलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला नुसतं काय करू ते कळेना.

आई कपडे वाळत घालत होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "पोपडा का पाडलास गो? अजून ओली हाय. सावलीत ठेव, नाय तर भेगा पडतील." आत गेली, वाटीत माती कालवून आणली आणि मी खरवडलेला भाग परत लिंपून टाकला. मला न विचारता. दोघी बहिणी सारख्याच.

दुपारभर मी ज्युरीपुढे बोलायचं भाषण लिहिलं. पहिली ओळ दोषीची हवी होती. उजेडाला सुंदर म्हणणारे दोषी? पण तो मलाच आधी सुंदर वाटला होता, उंबऱ्यावर. भट्टीमालक? सरांच्या चष्म्यासमोर भट्टीमालकाचं काय करू? मावशी? मी तिच्यावर ओरडले होते ते खरं. कागद फाडला.

सोमवारी टेबलावर मॉडेल ठेवलं. सर आणि बाहेरून आलेल्या एक मॅडम. वास आला. मागे कोणीतरी नाक धरलं, कोणीतरी 'गोठा' म्हणालं. तेवढ्यापुरता मला नेहमीचा, ओळखीचा राग आला आणि बरं वाटलं. मी मागे वळून म्हटलं, "सकाळी दूध पिऊन आलात ना? ते तिथूनच येतं." सगळे हसले.

सर हसले नाहीत. त्यांनी दारातून आत बघितलं. "उजेड कुठं गेला?"

"लिंपला."

"कोणी?"

"जिचं घर आहे तिने."

मॅडमनी डोळा दाराला लावला. "मला आतलं काही दिसत नाही. काळोख आहे." त्या रागावल्या नव्हत्या, खरंच दिसत नव्हतं.

सर हळू आवाजात म्हणाले, चांगुलपणानेच म्हणाले, "जुन्या मॉडेलचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? ते लाव. त्यावर मार्क देऊ. असं नको सोडूस."

उघड्या मॉडेलचे फोटो माझ्या पिशवीत होते. मोठे करून आणलेले. मी पिशवीत हात घातला आणि हाताला आधी कटर लागला. तेव्हा मला मावशीचा धुराचा प्रश्न आठवला. खऱ्या घरात कूड छपराला टेकत नाही. वर हातभर मोकळं असतं, धूर तिथून जातो. गेल्या साली बंद घरात तिथे पेंढा कोंबलेला होता, मांजर शिरू नये म्हणून, आणि मी ती भिंतच समजले. लहानपणी त्या घरात मी झोपले आहे, तिथून धूर जाताना बघितला आहे. तरी विसरले. हे कसं विसरता येतं, तेही मला कळत नाही.

मी कटरने छपराखालचा गोंद कापला. चारी बाजूंनी. मातीचे थोडे कण पडले. वर्गातल्या एकाकडून चार खोडरबर घेतले आणि चार कोपऱ्यांना छपराखाली सरकवले.

मॅडम परत वाकल्या. आता वरून उजेड आत उतरत होता, रेघा नाहीत, नुसता मऊ, मातीच्या रंगाचा. चूल दिसत होती. सारवण दिसत होतं. मावशीचे चार अर्धगोल दिसत होते.

"बोटं मोठी आहेत," मॅडम म्हणाल्या. "प्रमाण चुकलं." पण डोळा काढेनात.

सर म्हणाले, "हे ते नाही, जे मी बघितलं होतं."

"त्यात कोणी राहत नव्हतं सर. ते सांगायचं राहिलं."

त्यांनी चष्मा वर करून परत दारातून आत बघितलं. मग म्हणाले, "बरं. तरी फोटो लाव. दोन्ही बघू."

आणि मी लावले. हे मला लिहायचंच होतं, नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मी नाही म्हणू शकत होते. तहसील कचेरीत मी याहून मोठ्या माणसांना नाही म्हटलेलं आहे. पण वर्ष जायची भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर फोटो फारच चांगले होते. मॉडेलच्या बाजूला बोर्डवर तीन फोटो लावले. रेघा पडलेली चूल, रेघा पडलेले टोप, रेघा पडलेली जमीन. सगळे फोटोंकडे गेले.

पास झाले. शेरा मिळाला, 'साहित्याची जाण आहे. भूमिकेत गोंधळ.' एरवी मी अशा शेऱ्यावर दोन पानं भांडले असते. या वेळी वाचून घडी घातली. कोणत्या घरावर पास झाले, तेवढं सरांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाड्यावर गेले. मॉडेल परत नेलं, मावशीने सांगितलंच होतं की काम झालं की घर घरी आण. तिने आधी छप्पर बघितलं. खोडरबर बघितले. एक काढून दाताने चावून बघितला आणि परत ठेवला. "आता जाईल धूर," म्हणाली. मग ते चुलीजवळच्या फळीवर ठेवलं.

"पास झालीस ना?"

"झाले."

"कुठलं घर बघितलं त्यांनी?"

खोटं बोलायची मला सवय नाही, उलट लोक म्हणतात हिला जरा आली तर बरं. "दोन्ही," मी म्हटलं. "हे पण आणि उघडं पण. फोटोत."

मला वाटलं आता चिडेल. तिने चहाचं पातेलं उतरवलं, गाळणी धरली. गाळता गाळता विचार केला असावा.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "आधी उघडं बघितलं, मग लिंपलेलं. म्हणजे त्यांना कळलं असंल, बाई परत आली."

टेबलावर लिंपलेलं घर आधी होतं. फोटो नंतर लागले. सगळे शेवटी फोटोंसमोरच उभे होते.

मावशीने कप माझ्याकडे सरकवला आणि वाट बघत राहिली.

"हो," मी म्हटलं. "तसंच बघितलं त्यांनी."